कुमारी अ आणि एकोणिसावा मजला

मानवजातीच्या वाटचालीत जिची नोंद व्हायला हवी होती आणि जी नायगावातल्या एका सोसायटीच्या फळ्यावरसुद्धा चढली नाही, अशी एक घटना मी आज गांभीर्यपूर्वक जाहीर करतो आहे. वाचकांनी शक्यतो उभं राहावं. गुडघे दुखत असतील त्यांनी बसून ऐकलं तरी चालेल. घटना अशी : मनातली भीती घालवण्याच्या शास्त्रात सुरमईचा पहिला यशस्वी वापर आमच्या डोळ्यांदेखत झाला. साक्षीला मी होतो, एक विद्यार्थिनी होती आणि एक वॉचमन होता. सुरमईचं म्हणणं कळू शकलं नाही.

आता, सुरमई कळायची तर आधी बाई कळायला हव्यात.

बाई आमच्या ज्युनियर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. मी इतिहास. कॉलेज दादरला, हिंदमाताच्या अंगाला. बाकी सगळ्या मॅडम, ह्या एकट्या बाई. बेताची उंची, घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की त्यांचा तास चालू असला की खालचा रसवंतीवालासुद्धा स्मृतीचे प्रकार पाठ म्हणायचा. हातात कायम हिंदमाताच्या एका मोठ्या साडीच्या दुकानाची पिशवी. त्या दुकानात बाईंना बंदी होती. पिशवी बंदीच्या आधीची.

बंदीची हकीकत सांगतोच. माणूस एखादी गोष्ट निवडतो आणि मग आपण निवडलं तेच कसं चांगलं, हे स्वतःलाच पटवत बसतो. मनातली ही टोचणी मुलांना फळ्यावर कळेना. म्हणून बाईंनी अख्खा वर्ग दुकानाबाहेर फुटपाथवर उभा केला आणि साडी घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईला गाठून गोड आवाजात विचारायला सुरुवात केली, "ताई, ती हिरवी जास्त आवडली होती ना तुम्हाला?" पहिल्या दोघींनी घेतलेल्या साडीचं भरभरून कौतुक केलं. मुलांना मुद्दा समजला. पण तिसरी थबकली, तिने पिशवीत पाहिलं आणि ती परत आत गेली. मग चौथी गेली. थोड्या वेळाने दुकानाचे मालक बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र खरं आहे. पण ते समोरच्या दुकानापुढे खरं करा."

दुसरं म्हणजे, बाईंना जिवंत उदाहरणं लागायची, आणि ती त्या विचारून घेत नसत. मधल्या सुटीत शिपाई चहाची किटली आणायचा. तो यायच्या जरा आधी बाई रोज चमच्याने काचेच्या ग्लासावर टिंग टिंग करायच्या. मला वाटायचं, असते एकेकाला सवय. दिवाळीची सुटी संपल्यावर एके दिवशी त्यांनी टिंग टिंग केलं, चहा काही आला नाही, आणि मी आवंढा गिळला. दारात बारावीचा वर्ग उभा.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "घंटेचा आणि भुकेचा काही संबंध नाही. पण दोन्ही रोज एकत्र आल्या की शरीर फसतं. याला म्हणतात अभिसंधान. पुस्तकात कुत्रा दिलाय. आपण सर घेतले."

मुलांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. कुत्र्याला मिळाला असता त्याहून थोडा कमी आदर होता. आजही कुठल्या हॉटेलात वेटरचा चमचा ग्लासाला लागला की मला आल्याच्या चहाची तहान लागते आणि सोबतची मंडळी विचारतात, काय झालं.

पण शास्त्र प्रत्येक वेळी बाईंचं ऐकायचं असं नाही. गर्दीत कोणी अडचणीत असलं तर जितकी माणसं जास्त तितकी मदत कमी, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा करील. हे दाखवायला बाई एकदा नायगावच्या नाक्यावर, ऐन संध्याकाळी, पाय मुरगळल्यासारखं करून बसल्या. मुलं समोरच्या बसस्टॉपवर वह्या उघडून. बाई टेकल्या मात्र, एक पोलीस क्वार्टर्समधली आजी तेल घेऊन आली. दोघांनी टॅक्सी थांबवली. एकाने टॅक्सीवाल्याला दम दिला. बाई "अहो मी बरी आहे" म्हणत होत्या, त्यावर आजी म्हणाली, "धक्का बसलाय तिला, बडबडतेय." बाईंचा पाय हॉस्पिटलात नेऊन, फोटो काढून, पट्टी बांधूनच लोकांनी सोडला. दुसऱ्या दिवशी त्या पट्टीसकट वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "सिद्धांत बरोबर आहे. नायगाव चुकलं."

त्यांचे काही नियम मात्र कडक. निरीक्षण करायचं, निदान करायचं नाही. एखादी मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या आईला ओसीडी आहे, सारखा ओटा पुसते," की खडूचा तुकडा सुटायचा. "आईला ओटा आहे. पुस जा तिच्याबरोबर." आणि लग्नाकार्यात कोणी लाडात येऊन विचारलं, "मानसशास्त्र म्हणजे तुम्ही आमच्या मनातलं ओळखणार," तर बाई त्याच्याकडे शांतपणे बघत राहायच्या आणि म्हणायच्या, "बघितलं. विशेष काही नव्हतं."

बघा, शेवटचा शब्द त्यांचाच. स्टाफ मीटिंग असो, परीक्षेची पर्यवेक्षकांची बैठक असो, शेवटचा शब्द बाईंना लागायचाच. प्राचार्य "आभार" म्हणून उठले की बाई म्हणायच्या, "आभार कशाबद्दल ते सांगायचं राहिलं," आणि प्राचार्य परत बसायचे.

जगात त्यांना तोडीस तोड एकच बाई होती. हिरा. शिवडीहून मासळी घेऊन यायची. बाई आणि त्यांचे थोरले भाऊ नायगावच्या बीडीडी चाळीत तळमजल्यावर राहायचे, दोघंही बिनलग्नाची. हिराची पाटी बाईंच्या दारासमोर उतरायची आणि भांडण सुरू व्हायचं. विषय दरवेळी मागच्या खेपेचा मासा. ते भांडण बघायला गॅलरीत माणसं उभी राहायची. कोणी दाढी अर्धी टाकून यायचं. हिरा बोलायला बाईंपेक्षा सरस होती, पण तिची एक अडचण होती : मासळी थांबत नाही. तिला पाटी डोक्यावर घेऊन पुढच्या चाळीकडे जावंच लागायचं. ती चालू लागली की बाई तिच्यामागे गॅलरीच्या टोकापर्यंत बोलत जायच्या, आणि हिरा ऐकू येण्यापलीकडे गेली की शेवटचं वाक्य टाकून परत यायच्या. अशा रीतीने वर्षानुवर्षं बाई जिंकत आल्या होत्या.

आता कुमारी अ.

भयगंडाचा धडा आला की बाई एक केस सांगायच्या. गोपनीयता म्हणून नाव नाही, कुमारी अ. ही लहानपणी ठाकूरद्वारला मावशीकडे गेली होती. मावशीच्या इमारतीत जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट. ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. खालच्या मजल्यावरून मुलीचे फक्त पाय दिसत होते आणि वरच्या मजल्यावरून फक्त रिबिनी. मावसभाऊ खाली उभं राहून पायांना गुदगुल्या करत होते. तेव्हापासून कुमारी अ आयुष्यात लिफ्टमध्ये चढलेली नाही. "तिचं शिक्षण, बुद्धी, सगळं उत्तम आहे," बाई सांगायच्या. "भीती मूर्खांनाच वाटते असं नाही. साधी भीती आणि भयगंड यांत फरक काय? साध्या भीतीला कारण पटवता येतं. भयगंडाला कारण पटतं आणि तो तरीही हलत नाही."

कॉलेजची लिफ्ट सोडून बाई रोज जिन्याने वर यायच्या. अख्ख्या कॉलेजला कुमारी अ कोण ते माहीत होतं. कोणी कधी बोललं नाही. त्यांच्या बाबतीत आम्ही एवढं एक निरीक्षण केलं आणि निदान टाळलं.

आणि मग चाळी पाडायला घेतल्या. टॉवर उभा राहिला. नव्या घरांची लॉटरी निघाली. बाईंच्या घराला एकोणिसावा मजला लागला.

चाळीत पेढे वाटले गेले. बाईंनी पेढा घेतला, खाल्ला, आणि तिसऱ्या तासाला वर्गात भयगंडाऐवजी भूक हा धडा काढला.

घराच्या पूजेला त्या जिन्याने गेल्या. सकाळी निघाल्या. मुलं मजल्यामजल्यावर पाणी घेऊन उभी. वर पोचल्या तेव्हा भटजी दक्षिणा घेऊन गेले होते आणि प्रसादाच्या पातेल्याला लहान मुलं चमचा लावून बसली होती. उतरताना गुडघ्याने जे काही सांगायचं ते सांगून टाकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. दरम्यान दोघा भावंडांना तात्पुरती राहायला दिलेली खोलीही महिनाअखेर सोडायची होती.

दादा, म्हणजे थोरले भाऊ, फार कमी बोलायचे. ते म्हणाले, "हे बघ. वर जाऊन राहिलीस तर वर. नाहीतर फ्लॅट भाड्याने देऊ आणि बदलापूरला भाच्याकडे जाऊ. त्याचं घर तळमजल्यावर आहे. बाग आहे."

"बागेत मी काय करू?"

"निरीक्षण कर."

बाईंचं अख्खं आयुष्य नायगाव, दादर, परळ ह्या दीड वितीत गेलं होतं. जन्म तिथला, शाळा तिथली, उदाहरणं तिथली. बदलापूरला गेल्या असत्या तर नोकरी सोडावी लागली असती, आणि नोकरीपेक्षा वाईट म्हणजे त्यांना ओळखीची माणसं वापरायला मिळाली नसती. स्टाफरूममध्ये त्या महिन्यात ग्लासावर चमचा वाजला नाही. मला चहा गोड लागेना.

तेव्हा सानिका पुढे आली. बारावीची, नायगावचीच, वर्गात सगळ्यात जास्त खडू खाल्लेली मुलगी. ती बाईंना म्हणाली, "बाई, कुमारी अ वर उपचार करायचाय. वर्गाचा प्रकल्प म्हणून. तिची परवानगी मिळेल का?"

बाईंनी हातावरची खडूची पूड झटकली. मग म्हणाल्या, "मी विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी परवानगी आली.

पद्धत पुस्तकातली होती, बाईंनीच शिकवलेली. भीती एकदम अंगावर घ्यायची नाही. लहान पायरीपासून सुरुवात. प्रत्येक पायरीवर अंग सैल सोडायचं, संथ श्वास घ्यायचा, कारण भीती आणि तिच्या विरुद्धची अवस्था एका देहात एकत्र राहू शकत नाहीत. शांतपणा आत आला की भीतीला जागा सोडावी लागते. आधी लिफ्टचं चित्र पाहिलं. मग व्हिडिओ. मग टॉवरच्या लॉबीत बसून लिफ्टच्या दाराकडे बघणं.

इथे एक गोष्ट शास्त्रकारांनी गृहीत धरलेली नव्हती. टॉवर नवा असला तरी माणसं चाळीतलीच होती. लॉबी म्हणजे आपली गॅलरी, अशीच सगळ्यांची समजूत. बाई खुर्चीवर डोळे मिटून श्वास घ्यायला लागल्या की आजूबाजूला मंडळी जमायची. कोणी मटार सोलायला घेऊन यायचं. कोणी विचारायचं, "कितवा श्वास?" एक काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पण भीती वाटायची. मी एकदा ढकललं, गेली." बाईंनी डोळे मिटूनच सांगितलं, "ह्यांची गेली की तुमची गेली, ते तपासा."

मग उघड्या लिफ्टमध्ये उभं राहणं. सानिका दारात पाय अडवून. थोड्याच वेळात लिफ्ट बीप बीप करायला लागायची, वरून कोणीतरी ओरडायचं, "दरवाजा कोण धरून ठेवलाय रे," आणि बाई अशा काही वेगाने बाहेर यायच्या की गुडघेदुखीबद्दल डॉक्टरांनाच शंका आली असती. दार बंद होण्याच्या पायरीपाशी शास्त्र अडलं. दरवेळी तिथेच. चेहरा पांढरा, तळहात ओले. शेवटी महिना संपायला एक रविवार उरला. दादांनी भांड्यांचे खोके बांधायला घेतले. खोक्यांवर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, वर की बदलापूर.

त्या रविवारी सकाळी मी आणि सानिका लॉबीत होतो. बाई खुर्चीवर. दादा वर फ्लॅटमध्ये नळाच्या कामाला थांबलेले. आज शेवटचा प्रयत्न, असं ठरलं होतं, पण कोणाच्या तोंडावर ते दिसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "सानिका, प्रकल्पात लिहा, केस अयशस्वी. अपयशही नोंदवायचं असतं." सानिकाने वही उघडली.

एवढ्यात हिरा आली.

टॉवर झाल्यापासून ती वर मजल्यावर घरोघर जायची. नियम असा की मासळीने सामानाच्या लिफ्टने जायचं. पण सामानाच्या लिफ्टमध्ये कोणाचं तरी गोदरेजचं कपाट अडकून बसलं होतं. हिराने पाटी उचलली आणि ती माणसांच्या लिफ्टकडे निघाली. वॉचमन आडवा आला.

"मौसी, मच्छी इधर से नहीं. सेक्रेटरी साब का आर्डर है."

"तुजा साब दुपारी सुरमई खानार हाय. ती काय जिन्यानं चालत जानार?"

अन्याय दिसला की बाईंना खुर्ची चावते. त्या उठल्या आणि लिफ्टच्या दारापाशी जाऊन वॉचमनला म्हणाल्या, "भैया, माणूस आणि मासा दोघांनाही वास असतो. जाने दो." वॉचमन बाजूला झाला. लिफ्ट उघडली. हिरा पाटीसकट आत गेली, आम्हाला वर दादांकडे जायचं होतंच, म्हणून मी आणि सानिकाही आत. बाई बाहेर.

हिराने पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि बाईंकडे बघून म्हणाली, "तू काय वर येत नाय. तुजी सुरमई वॉचमनकडं ठेवते. पन मागच्यासारकं बोलू नको, नरम होती म्हनून."

"नरम होतीच."

"तू सोता दाबून घेतलीस गो बाय. बोललीस, चालंल."

"मी 'चालेल' म्हटलेलं नाही."

"बोललीस. माज्या कानानं आयकलंय."

"हे बघ हिरा," बाई म्हणाल्या, आणि बोट वर करून एक पाऊल पुढे आल्या, "आठवण म्हणजे फोटो नसतो. माणूस दरवेळी ती नव्याने रचतो. तुला जे सोयीचं ते तू रचलंस."

"रचायला मी काय गवंडी हाय?" हिरा म्हणाली. "मना नको शिकवू. सुरमई मी विकते का तू?"

"विकतेस तू. खाल्ली मी." बाई उंबऱ्यावर. "डोळे आत गेलेले होते तिचे."

"तुजे गेले असतील. रातभर पुस्तकं वाचतेस."

"माझ्या डोळ्यांचा आणि सुरमईच्या डोळ्यांचा संबंध जोडू नकोस," म्हणत बाई आत आल्या. आत. सानिकाने माझं मनगट पकडलं. मी बटणाकडे बघितलं नाही. पण सानिकाची करंगळी तिकडे गेली. दार सरकलं. बंद झालं.

वाचकहो, मी इतिहासाचा माणूस आहे. मी शिकवलेल्या लढाया मी पाहिलेल्या नाहीत. ही पाहिली. दरवाज्यावर आकडे पालटत होते. पाच. सहा. बाईंची पाठ त्यांच्याकडे. हिरा सांगत होती की चाळीतल्या एकाही घराने आजवर तिच्या मासळीला नाव ठेवलेलं नाही. बाई सांगत होत्या की लोक गप्प बसले म्हणजे त्यांना पटलं असं नसतं, चारचौघांत वेगळं बोलायला माणूस बिचकतो. नऊ. हिराने विचारलं, मग तू का नाय बिचकत. बाई म्हणाल्या, कारण मी बरोबर असते. तेरा. सानिकाने श्वास रोखून धरला होता. ज्या श्वासाचे धडे महिनाभर झाले तो त्या लिफ्टमध्ये कोणीच घेत नव्हतं. बाईंचे गाल लाल, तळहात कोरडे, बोट हवेत. पुस्तकात शांतपणा दिला होता. पण भीतीला उठवून तिच्या जागेवर बसायला बाईंच्या देहात शांतपणा कधी नव्हताच. तिथे जे होतं ते हिराने बरोबर बाहेर काढलं होतं.

सोळा. सतरा.

"खोटं बोलतेस," बाई म्हणाल्या.

"तुज्या दादाला विचार," हिरा म्हणाली.

एकोणीस. दार उघडलं. समोर दादा उभे, हातात नळाचा पाना.

बाई तावातावाने बाहेर पडल्या. "दादा, मागची सुरमई कशी होती?"

दादांनी बहिणीकडे पाहिलं. मग लिफ्टकडे. मग पुन्हा बहिणीकडे. पाना त्यांच्या हातातून खाली पडला. "आलीस?" एवढंच म्हणाले.

तेव्हा बाईंना कळलं. पॅसेजच्या टोकाला खिडकी होती. खाली नायगावची उरलेली कौलं, परळच्या गिरणीची चिमणी, पलीकडे शिवडीची खाडी. बाईंनी ते पाहिलं आणि माझी बाही घट्ट धरली. चेहऱ्यावरचा रंग उतरू लागला. सानिका कुजबुजली, "श्वास, बाई, श्वास." बांधलेल्या खोक्यांचं, बदलापूरच्या बागेचं, बाईंच्या सगळ्या नायगावचं काय होणार ते त्या क्षणी आमच्या चौघांच्या मध्ये लोंबकळत होतं.

मागे लिफ्ट बीप करू लागली. हिराला खालच्या मजल्यांवर गिऱ्हाइकं होती. मासळी थांबत नाही. तिने बटण दाबलं, आणि मिटत जाणाऱ्या फटीतून निवांतपणे म्हणाली, "नरम नव्हती गो. नरम तुजे दात हायत."

दार बंद झालं.

बाईंनी माझी बाही सोडली. एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे. मग दादांना बाजूला सारून त्या लिफ्टपाशी धावल्या, बटणावर तळवा मारला आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबवा तिला, मला खाली जायचंय, शेवटचा शब्द तिचा झालाय."